कम्युनियनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवलंय. आधी सोपे, मग अडचणीचे. बऱ्याच ठिकाणी उत्तर "तुमचं चर्च कुठलं" यावर अवलंबून असतं, तिथे फरक सांगितलाय. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, नंबर दिलाय तिकडे बघा.

१. कम्युनियन म्हणजे नक्की काय, थोडक्यात सांगा ना?

येशूने वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत शेवटचं जेवण घेतलं, त्यात भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सगळ्यांना दिली, मग प्याला दिला, आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं सांगितलं. ख्रिस्ती लोक तेव्हापासून ते एकत्र जमून करत आलेत. बस, एवढंच. बाकी सगळी चर्चा ही या "एवढंच"चा अर्थ काय यावर आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. यात दोन नाती आहेत, एक ख्रिस्ताशी आणि दुसरं तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी. सुरुवातीचा प्रेषित पौल करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१०:१७) सरळ म्हणतो की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ जण असलो तरी एक शरीर आहोत. लोकांचे प्रश्न बहुतेक पहिल्या नात्याबद्दल असतात, दुसरं कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

२. मिस्सा, प्रभुभोजन, युखरिस्ट, पवित्र सहभागिता... हे सगळं एकच का?

जवळपास. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची पूर्ण उपासना, वाचनं, प्रवचन, प्रार्थना सगळं धरून, आणि कम्युनियन हा त्यातला भाग. युखरिस्ट हा शब्द कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन या पंथांचे लोक वापरतात. प्रभुभोजन हा शब्द प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये जास्त ऐकू येतो आणि ब्रदरन मंडळीत "भाकर मोडणं" म्हणतात. नावावरून भांडण नको.

३. बायबलमध्ये हे कुठे आहे?

चार ठिकाणी थेट वर्णन आहे: मत्तय २६, मार्क १४, लूक २२ आणि १ करिंथ ११. यातलं सगळ्यात जुनं लिखाण पौलाचं आहे, साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यानचं, म्हणजे शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची चार पुस्तकं: मत्तय, मार्क, लूक, योहान) लिहून व्हायच्या आधीचं, आणि तोही म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, म्हणजे तेव्हाच ही प्रथा रुळलेली होती.

योहानाचं शुभवर्तमान वेगळंच आहे. त्यात शेवटचं जेवण आहे पण भाकर-प्याल्याचे ते शब्द नाहीत, त्याऐवजी अध्याय १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो. "मी जीवनाची भाकर आहे" हे मोठं भाषण अध्याय ६ मध्ये येतं, ते ऐकून बरेच अनुयायी सोडून गेले असंही तिथेच लिहिलंय. काही मंडळ्या, उदाहरणार्थ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात ते याच अध्यायावरून.

४. वल्हांडण सणाशी याचा काय संबंध?

खूप जवळचा. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते ते जेवण वल्हांडणाचंच होतं, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याची आठवण (निर्गम १२). योहानाची वेळ थोडी वेगळी आहे, त्याच्याकडे वल्हांडणाचं जेवण अजून व्हायचंय, त्यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. पण पार्श्वभूमी तीच, कोकरू, बेखमीर भाकर, सुटका. आणि प्याल्यावर येशू जे "कराराचं रक्त" म्हणतो ते निर्गम २४ मधून येतं, तिथे मोशे लोकांवर रक्त शिंपडून करार पक्का करतो, तर "नवा करार" हे शब्द यिर्मया ३१ मधले.

हे माहीत असलं की "स्मरणार्थ" चा अर्थही उलगडतो. वल्हांडणाच्या रात्री यहुदी कुटुंबात "आपले पूर्वज सुटले" एवढंच म्हणत नाहीत, "आपण सुटलो" असं म्हणतात. ही जुना फोटो बघण्यासारखी आठवण नाही, त्या घटनेत आपणही आत आहोत असं धरून केलेली आठवण आहे.

५. भाकर खरंच येशूचं शरीर होते का? की फक्त चिन्ह?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याच्यावरून चर्च फुटलीयेत, तर जरा निवांत घेऊ.

कॅथलिक शिकवण: हो, होते. दिसणं, चव, वास, वजन सगळं भाकरीचंच राहतं पण ती मुळात जे काही आहे ते बदलतं, आता ती ख्रिस्त आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने यासाठी तत्त्वांतराची भाषा वापरली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती ठामपणे मांडली. काहीजण म्हणतात लॅबमध्ये टेस्ट करा म्हणजे कळेल, पण टेस्टमध्ये गहूच निघणार हे कॅथलिक शिकवण स्वतःच मान्य करते, त्यामुळे तो मुद्दा लागूच होत नाही.

ऑर्थोडॉक्स: बदल खराच होतो, पण कसा होतो याची फोड करत बसत नाहीत, ते गूढ आहे म्हणतात आणि पवित्र आत्म्याला बोलावणाऱ्या प्रार्थनेवर जास्त भर देतात.

मग सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट सुधारक. मार्टिन ल्युथर: भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्तही खरोखर तिथे असतो, भाकरीत, भाकरीसोबत आणि भाकरीखाली. झ्विंग्ली: ख्रिस्त शरीराने स्वर्गात आहे, ही त्याच्या मरणाची आठवण आणि मंडळीने सगळ्यांसमोर घेतलेली शपथ. कॅल्विन या दोघांच्या मधला, तो म्हणतो भाकर बदलत नाही पण पवित्र आत्मा विश्वासाने घेणाऱ्याला ख्रिस्ताशी खरंच जोडतो, नुसतं डोक्यात नाही. आज बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि बरेच पेंटेकोस्टल झ्विंग्लीच्या जवळ आहेत, प्रेस्बिटेरियन कॅल्विनच्या परंपरेतले आणि अँग्लिकन लोकांमध्ये सगळ्या छटा सापडतात.

१५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्युथर आणि झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवलं होतं. एकूण १५ मुद्दे, १४ वर एकमत झालं, पंधरावा हाच, तो अडला तो अडलाच. ल्युथरने म्हणे टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि तिथून हलायला तयार नव्हता. एक शरीर होण्यासाठी दिलेल्या जेवणावरूनच दोन टेबलं झाली, यावर हसावं की रडावं कळत नाही. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण समोरचा "फक्त चिन्ह" म्हणतो म्हणजे त्याला किंमत नाही असं समजू नका, आणि "खरं शरीर" म्हणणारा अंधश्रद्ध आहे असंही नाही.

६. शरीर खायचं, रक्त प्यायचं, हे ऐकायला भयानक नाही वाटत?

वाटतं, आणि हे आजचं नाही. सुरुवातीच्या शतकांत रोमन समाजात ख्रिस्ती लोक नरमांस खातात अशी अफवाच होती. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या लेखकाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन दिलंय: वाचन होतं, उपदेश होतो, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणतात, आभाराची प्रार्थना होते, सगळे आमेन म्हणतात, वाटप होतं, जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवक घेऊन जातात, आणि ज्यांची ऐपत आहे ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी पैसे देतात. हे शेवटचं वाक्य लोक वाचत नाहीत. ज्या उपासनेत भाकर वाटली त्याच उपासनेत पैसाही वाटला, वेगळं काही नव्हतं.

कॅथलिक लोकही मांसाचे तुकडे खातो असं म्हणत नाहीत, पुनरुत्थित ख्रिस्त भाकरीच्या रूपात स्वतःला देतो असं म्हणतात (वर ५ बघा).

७. या आठवड्यात माझ्या हातून पाप झालंय. घेऊ की नको? "अयोग्य प्रकारे खाल्लं तर दंड" असं लिहिलंय त्याची भीती वाटते.

ही भीती घेऊन काही लोक वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात, म्हणून नीट सांगतो. ते वाक्य १ करिंथ ११:२७ चं आहे, पण १७ पासून वाचा. करिंथमध्ये काय चाललं होतं? मंडळी जेवायला जमायची, ज्यांच्याकडे होतं ते आपलं आपलं आधी खाऊन घ्यायचे, काही तर पिऊन टाइट, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी. पौल चिडलाय तो यावर. तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता, नसलेल्यांना लाजवता, म्हणून हे प्रभूचं भोजनच नव्हे असं तो म्हणतो. आणि या सगळ्यावर उपाय काय सांगतो, तर वचन ३३ मध्ये, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे इथे प्रश्न खाण्याच्या रीतीचा आहे, खाणारा निष्कलंक आहे का याचा नाही. निष्कलंक माणसांसाठीच असतं तर कोणीच पुढे गेलं नसतं.

याचा अर्थ काहीही करा आणि या असाही नाही. स्वतःची परीक्षा करा असं तो स्पष्ट सांगतो. कॅथलिक नियम असा की गंभीर पाप जाणूनबुजून केलं असेल तर आधी कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली), मग कम्युनियन, पण रोजच्या लहानसहान चुकांसाठी थांबायची गरज नाही. प्रोटेस्टंट उपासनेत बऱ्याचदा सगळे मिळून पापांची कबुली देतात आणि मग घेतात. आणि कोणाशी भांडण मिटायचं असेल तर मत्तय ५:२३-२४ आहेच, अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. माझ्याकडे येणाऱ्या मेसेजमध्ये लोक पिक्चर पाहिला, शिवी दिली, उशिरा आलो असलं सगळं विचारतात, पण "सख्ख्या भावाशी बोलत नाही, तरी घेऊ का" असं फारसं कोणी विचारत नाही, आणि करिंथच्या हिशोबाने खरा प्रश्न तोच आहे.

८. येशूला धरून देणाऱ्या यहूदानेही घेतलं होतं का?

बहुतेक हो, पण शुभवर्तमानांत क्रम वेगळा आहे. लूकमध्ये भाकर-प्याला झाल्यावर येशू म्हणतो की मला धरून देणारा याच टेबलावर आहे. मत्तय-मार्कमध्ये ते बोलणं आधी येतं. योहानात तो घास घेऊन लगेच बाहेर पडतो. चर्चच्या जुन्या पंडितांपैकी हिलरीचं मत होतं की नाही घेतलं, ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनास म्हणतात घेतलं. लोक हे विचारतात ते "मग मी का नको" या अर्थाने असतं, त्याचं उत्तर ७ मध्ये आहे. बाकी त्या रात्री टेबलावरचे सगळेच पुढे काही तासांत पळाले आणि पेत्राने तर तीनदा ओळखच नाकारली.

९. मी ख्रिस्ती नाही, मित्राच्या लग्नाला चर्चमध्ये जाणार आहे. सगळे रांगेत गेले तर मी काय करू?

आपल्या जागी बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. बऱ्याच कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चमध्ये हात छातीवर फुली करून गेलात तर फादर भाकर न देता आशीर्वाद देतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शेवटी साधी आशीर्वादित भाकर वाटतात, ती कम्युनियन नसते, बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांनाही देतात. चुकून हातात होस्ट (कम्युनियनची पातळ भाकर) आलीच तर खिशात घालू नका, घरी नेऊ नका, शांतपणे परत द्या. असं का, ते १६ मध्ये.

१०. मी ख्रिस्ती आहे पण दुसऱ्या पंथाचा. मला दुसऱ्या चर्चमध्ये चालेल का?

- कॅथलिक चर्च: ऑर्थोडॉक्स व्यक्तीने स्वतःहून मागितलं आणि तयारी असेल तर देता येतं. प्रोटेस्टंट व्यक्तीला मरणाचा धोका किंवा तशीच गंभीर गरज असताना, काही अटींवर. आणि कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट चर्चमध्ये घेऊ नये असा नियम आहे.
- ऑर्थोडॉक्स: फक्त ऑर्थोडॉक्स, आणि तेही तयारीने आलेले. त्यामुळे कॅथलिकांनी नियम मोकळा ठेवला तरी ऑर्थोडॉक्स माणूस स्वतःच्या चर्चला विचारूनच ठरवतो.
- लुथरन: एकसारखं नाही. अमेरिकेतलं मिझुरी सिनड नावाचं लुथरन चर्च बंद टेबल पाळतं (म्हणजे बाहेरच्यांना देत नाही), बाकी बरेच मोकळे.
- मेथडिस्ट: बहुतेक ठिकाणी सगळ्यांसाठी खुलं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली तर म्हणायचा की कम्युनियनमुळे माणूस बदलूही शकतो, तो आधीच बदललेला असायला हवा असं नाही.
- बाकीच्यांचं त्या त्या पास्टरना विचारा.

लोकांना वाटतं की नाही म्हणणारे गर्विष्ठ आहेत. भानगड वेगळी आहे. एक बाजू म्हणते हे जेवण म्हणजे झालेल्या ऐक्याची खूण, ऐक्य नाही तर खूण खोटी ठरते. दुसरी म्हणते हे जेवण ऐक्याकडे नेणारा रस्ता आहे, मग रस्ताच बंद कसा करता. दोन्हीत तथ्य आहे. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा शहरात वेगवेगळ्या चर्चच्या लोकांनी बाप्तिस्मा, युखरिस्ट आणि सेवापद यावर एक संयुक्त मसुदा मान्य केला, बरंच जवळ आले, पण टेबल अजून एक झालं नाही.

११. मुलांना कधीपासून?

ऑर्थोडॉक्समध्ये बाप्तिस्मा झाला की तान्ह्या बाळालाही, चमच्याने. कॅथलिकांमध्ये साधारण सातव्या वर्षी, कारण १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधी भाकर आणि ही भाकर यातला फरक मुलाला कळला की पुरे, त्याआधी मुलं बरीच मोठी होईपर्यंत थांबवायचे. प्रोटेस्टंटांमध्ये काही ठिकाणी दृढीकरणानंतर (मोठं झाल्यावर स्वतःचा विश्वास जाहीर करण्याचा विधी), बॅप्टिस्टांत स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतल्यावर. तान्ह्या बाळाला काय कळतं असं म्हणणाऱ्यांना ऑर्थोडॉक्स विचारतात, आणि तुम्हाला सगळं कळतं का? चांगला प्रश्न आहे.

१२. खरी वाइन की ज्यूस? आणि ज्याने दारू सोडलीये त्याने काय करायचं?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेच लुथरन-अँग्लिकन खरी वाइन वापरतात. ज्यूसची प्रथा मेथडिस्टांकडून आली, १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस ब्रॅमवेल वेल्च यांनी द्राक्षाचा रस आंबू नये म्हणून पाश्चरायझेशन करून पाहिलं ते चर्चसाठीच, पुढे त्याचा मोठा धंदा झाला तो भाग वेगळा.

दारू सोडलेल्या माणसाने फक्त भाकर घ्यावी, काहीही कमी पडत नाही (१४ बघा). फादरच अशा अडचणीत असतील तर बिशपच्या परवानगीने जेमतेम आंबलेला द्राक्षरस वापरता येतो. घोटभरच आहे म्हणून कोणी आग्रह करत असेल तर सरळ नाही म्हणा.

१३. मला ग्लुटेन चालत नाही.

कॅथलिक नियमात भाकर गव्हाचीच हवी, पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्ट चालत नाही, पण अगदी कमी ग्लुटेनची चालते, २०१७ च्या व्हॅटिकनच्या पत्रात हे परत सांगितलंय. तीही झेपत नसेल तर फक्त प्याला घ्या. आधी फादरना सांगून ठेवा, वेगळा प्याला ठेवतात, कारण मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत तांदळाची वगैरे भाकर चालते.

१४. आमच्याकडे फक्त भाकरच देतात, प्याला नाही. हे अर्धवट नाही का?

कॅथलिक शिकवणीप्रमाणे नाही, भाकर आणि द्राक्षारस यातल्या कशातही पूर्ण ख्रिस्त आहे. पण इतिहास गरम आहे. मध्ययुगात सामान्य लोकांना प्याला देणं हळूहळू बंद झालं, सांडण्याची भीती हे एक कारण. बोहेमियात (आजचा चेक प्रदेश) याला विरोध झाला, १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने प्याला न देण्याचाच नियम केला आणि त्याच वर्षी तिथल्या यान हुस या सुधारक धर्मोपदेशकाला जाळलं (खटला प्याल्याचा नव्हता, पण त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपलं चिन्ह केलं). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये दोन्ही देण्याची दारं परत उघडली, तरी सगळीकडे देतातच असं नाही. मला विचाराल तर येशू "सगळे यातून प्या" म्हणाला होता, तेव्हा शक्य तिथे द्यावं.

१५. किती वेळा घ्यायचं, आणि आधी उपास लागतो का?

कॅथलिकांना रोज घेता येतं, वर्षातून किमान एकदा पुनरुत्थान सणाच्या (ईस्टर) काळात घ्यायलाच हवं (हा नियमही १२१५ चा). एकाच दिवशी दुसऱ्यांदा घ्यायचं तर पूर्ण मिस्साला हजर असाल तरच. ब्रदरन दर रविवारी, काही प्रोटेस्टंट महिन्याला, काही तीन महिन्यांनी. कॅल्विनला दर आठवड्याला हवं होतं, जिनिव्हाच्या कौन्सिलने वर्षातून चारवरच ठेवलं.

उपास: कॅथलिकांना १ तास, पाणी आणि औषध चालतं, म्हाताऱ्या आणि आजारी लोकांना सूट. १९६४ पासून एवढाच आहे. ऑर्थोडॉक्स मध्यरात्रीपासून काही खात नाहीत. प्रोटेस्टंटांत सहसा नियम नाही.

१६. उरलेल्या भाकरीचं काय करतात? खाली पडली तर?

इथे ५ मधला फरक प्रत्यक्ष दिसतो. कॅथलिक उरलेल्या होस्ट टॅबरनॅकलमध्ये (चर्चमधली खास बंद पेटी) ठेवतात, आजाऱ्यांना नेण्यासाठी आणि आराधनेसाठी, प्यालातलं तिथेच संपवतात. ऑर्थोडॉक्समध्ये उपासनेनंतर सेवक सगळं संपवतो, आजाऱ्यांसाठी थोडं राखून. स्मरण मानणाऱ्या मंडळ्यांत ती उरलेली भाकर असते, आदराने खातात किंवा वाटून टाकतात. खाली पडली तर घाबरू नका, फादर किंवा सेवक उचलतील, मुद्दाम केलेलं नाही म्हणजे पाप नाही.

१७. घटस्फोट झालाय. कम्युनियन कायमचं बंद का?

नाही! नुसत्या घटस्फोटामुळे कॅथलिक चर्चमध्येही बंद होत नाही, हा गैरसमज फार पसरलाय आणि त्याने माणसं उगाच तुटतात. प्रश्न येतो पहिलं लग्न चर्चने रद्दबातल ठरवलेलं नसताना दुसरं लग्न केलं तर. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी अशांसाठी कडक अट ठेवली होती, दोघांनी भावाबहिणीसारखं राहायचं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येकाची परिस्थिती फादरसोबत नीट तपासून बघायला सांगितलं आणि काहींना संस्कारांची (म्हणजे कन्फेशन, कम्युनियन) मदत मिळू शकते अशी तळटीप टाकली, तिच्यावरून आजही बिशप एकमेकांशी वाद घालतात. ऑर्थोडॉक्स दुसऱ्या लग्नाला परवानगी देतात. तुमच्या केससाठी ओळखीच्या फादरशी समोर बसून बोला, इथे वाचून ठरवू नका.

१८. काही ख्रिस्ती लोक कम्युनियन घेतच नाहीत, ते कसं?

क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी. क्वेकर म्हणतात की ख्रिस्ताशी मीलन आतून होतं, बाहेरच्या खुणेची गरज नाही, आणि प्रत्येक जेवण पवित्र असू शकतं. साल्व्हेशन आर्मीने १८८३ मध्ये थांबवलं, त्यांच्यात दारू सोडलेले लोक बरेच होते हेही एक कारण सांगतात. मला पटत नाही, पण करिंथमधला प्रकार (७) आठवला की उपाशी माणसाला जेवू घालणाऱ्या या लोकांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

१९. ऑनलाइन उपासना बघत घरीच भाकर-ज्यूस घेतला तर ते कम्युनियन धरायचं का?

कोविडच्या काळात हा प्रश्न एकदम सगळीकडून आला. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स: नाही, धर्मगुरू आणि मंडळी एका जागी हवी, स्क्रीनवरून होत नाही. कॅथलिक तेव्हा मनाने घेण्याची प्रार्थना करा म्हणतात. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तात्पुरती परवानगी दिली, काहींनी पुढेही चालू ठेवली.

एकट्याने घेण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे बझ ऑल्ड्रिन, २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरल्यावर यानातच त्याने भाकर आणि वाइन घेतली, तो प्रेस्बिटेरियन एल्डर होता. पण तेही एकट्याचं नव्हतं, भाकर-वाइन त्याच्या मंडळीने दिली होती.

तेव्हा अंथरुणाला खिळलेले असाल, लांब असाल, तर आधी आपल्या फादरना किंवा पास्टरना फोन करा, घरी आणून देणं हे त्यांचं कामच आहे, जस्टिनच्या काळापासून (६). आणि चालता येत असेल, फक्त रविवारी सकाळी उठायचा कंटाळा असेल, तर मग स्क्रीनसमोर घेण्याऐवजी चर्चला जा, तिथे कोणीतरी तुमच्यासाठी थांबलेलं असतं.